धुऱ्यावरचे वर्दीवाले

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात ओळख निघाली की गावाच्या नावाआधी एक प्रश्न हमखास येतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची रांग जिल्ह्याच्या मधून जाते. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा पठारी मुलूख. उत्तरेला उतरले की मलकापूर, नांदुरा, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यातले तालुके, आणि जळगाव जामोद-संग्रामपूरच्या मागे सातपुडा. वरची जमीन बरीचशी हलकी-मध्यम, खालची काळी आणि खोल. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीच्या पाण्याची चवही वेगळी. पण वर काय नि खाली काय, वावर आहे तिथे धुरा आहे. धुऱ्यावर नांगर चालत नाही, म्हणून तिथे गवत टिकते, आघाडा, तरोटा, कुर्डू, बेशरम माजते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात या झाडोऱ्यावर रंगीत भुंगेरे येऊन बसतात. हा धुरा आणि हे भुंगेरे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

या जिल्ह्याच्या निसर्गाचा विषय निघाला की दोन नावे आधी येतात. एक लोणारचे: बेसाल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेले, पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचे विवर, २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दुसरे ज्ञानगंगा अभयारण्याचे: यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला गळपट्टेवाला वाघ तेलंगणाच्या हद्दीतून हिंडत २०१९ च्या अखेरीस इथे पोहोचला आणि बोथ्याचे जंगल देशभरच्या बातम्यांत आले. दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. भुंगेऱ्यांच्या वाट्याला मात्र कीटकनाशकाच्या डब्यावरचे चित्र तेवढे आले. जगात आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भुंगेऱ्यांचा आहे; साडेतीन-चार लाख जाती. एवढ्या मोठ्या गणगोताशी आपली ओळख विषाच्या डब्यावरून व्हावी, ही गोष्ट बदलायला हवी.

भुंगेरा ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याच्या पंखांच्या दोन जोड्यांपैकी पुढची जोडी कडक होऊन पाठीवर झाकण बनते. उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. हुमणीचा तपकिरी भुंगेरा दिव्याखाली पडला की टणक वाजतो तो या झाकणामुळे. बहुतेक भुंगेऱ्यांनी या चिलखतावर भिस्त ठेवली. काही कुळांनी मात्र ते सैल केले. त्यांची पाठ मऊ, कातड्यासारखी लवचिक असते. चिमटीत धरले तर दबते. असा मऊ जीव भर दिवसा, उघड्या फुलावर, भडक रंगात निवांत बसतो आणि तरीही पाखरे त्याला सहसा उचलत नाहीत. हे कसे, या प्रश्नाभोवती या पुस्तकातली प्रकरणे रचली आहेत.

या मऊ पाठीच्या भुंगेऱ्यांत जगभर नाव झाले ते सैनिक भुंगेऱ्यांचे, म्हणजे कॅन्थॅरिडी कुळाचे. ब्रिटिश फौजेच्या लाल डगल्यांची आठवण करून देणाऱ्या रंगामुळे त्यांना सोल्जर बीटल म्हणू लागले. त्यांच्या पाच हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. भारतात हे कुळ भरभरून दिसते ते हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. ओलसर, गार हवा आणि पालापाचोळ्याने झाकलेली जमीन त्यांना मानवते. आपला कोरडा पानगळीचा प्रदेश त्यांचा बालेकिल्ला नव्हे. तरी या पुस्तकाची सुरुवात त्यांच्यापासून केली आहे, कारण मऊ पाठ, भडक रंग आणि अंगातले विष या तिघांचा हिशेब त्यांच्यात सर्वांत स्वच्छ वाचता येतो.

सैनिक भुंगेऱ्याचे शरीर लांबट, सडपातळ, कडा समांतर, मिशा लांब आणि दोऱ्यासारख्या. रंग पिवळा, नारिंगी, तांबडा, जोडीला काळा. युरोपात जुलैच्या उन्हात छत्रीसारख्या फुलोऱ्यांवर त्यांच्या जोड्या तासन्‌तास दिसतात. अमेरिकेत शरद ऋतूत गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यांवर. प्रौढ भुंगेरा परागकण आणि मध खातो, काही जाती मावाही फस्त करतात. फुलाचे पान-पाकळी कुरतडण्यात त्यांना रस नसतो. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना अंगाला चिकटलेले पराग वाहून नेतात. हे झाले वरचे, दिसणारे आयुष्य. त्याआधी त्यांच्या अळ्या जमिनीवर आणि पाचोळ्यात दीर्घ काळ काढतात. त्यांच्या अंगावर बारीक केसांची दाट लव असते, त्यामुळे त्या काळ्या मखमलीच्या वाटतात. गोगलगायी, इतर किड्यांची अंडी, लहान अळ्या हे त्यांचे खाणे. वर फुलांचा पाहुणा आणि खाली शिकारी, असे एकाच जिवाचे दोन जन्म.

आता संरक्षणाचे. त्यांच्या छातीच्या पुढच्या भागावर आणि पोटाच्या कडांना ग्रंथींच्या जोड्या असतात. छेडले की त्यांतून पांढुरके थेंब येतात. अमेरिकी जातींच्या थेंबात डायहायड्रोमॅट्रिकॅरिया आम्ल सापडले. उड्या मारणारा कोळी अशा भुंगेऱ्यावर झडप घालतो आणि तोंड लावताच सोडून देतो. ही युक्ती किती जुनी, याचा पुरावा म्यानमारच्या अंबरात मिळाला: सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा एक सैनिक भुंगेरा ग्रंथींतून रसायन सोडत असतानाच डिंकात अडकला आणि त्याच अवस्थेत जपला गेला.

पण विष अंगात असून उपयोग काय, ते चाखेपर्यंत शिकाऱ्याला कळणार कसे? इथे रंग कामाला येतो. पाखरू पिल्लू असताना एकदा चूक करते, तोंड पोळते, आणि काळ्या-नारिंगीची ती जोडी कायमची लक्षात ठेवते. त्या पहिल्या धड्यात एखादा भुंगेरा मरतो, बाकीचे वाचतात. ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या फ्रित्झ म्युलर यांनी १८७८ मध्ये या हिशेबात आणखी एक पायरी दाखवली: दोन वेगळ्या विषारी जातींनी एकच रंगसंगती घेतली, तर पाखरांना शिकवण्याचा खर्च दोघींत वाटला जातो. म्हणून नात्याने दूर असलेली कुळेही एकाच रंगात दिसतात. त्याआधी १८६२ मध्ये हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून दुसरी बाजू मांडली होती: अंगात विष नसताना विषारी जातीचा नुसता पेहराव घालून मिरवणारेही असतात. धुऱ्यावर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे जे जे दिसेल त्यात खरे कोण आणि बहुरूपी कोण, हे ओळखणे हा या छंदातला मोठा आनंद आहे.

संरक्षण कितीही पक्के असले तरी त्याला भेदणारा कुणी तरी असतोच. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये गोल्डनरॉडवरच्या सैनिक भुंगेऱ्यांना एक बुरशी लागते. बाधा झालेला भुंगेरा मरण्याआधी फुलाला जबड्याने घट्ट चावा घेतो आणि तसाच लटकून मरतो. पंधरा ते बावीस तासांनी बुरशीच्या वाढीमुळे त्या मेलेल्या किड्याचे पंख उघडतात, फुगलेले पोट उघडे पडते आणि बीजाणू सुटतात. बघणाऱ्याला तो फुलावर पंख पसरून बसलेला जिवंत भुंगेराच वाटतो. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुलावर न हलणारा किडा दिसला की तो विश्रांती घेतो आहे असे गृहीत न धरता जवळून पाहावे, एवढा धडा आपण इथूनच घेऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यात भर दिवसा, उघड्या फुलावर, भडक पट्ट्यांत बसण्याचे हे ठाणे ज्याने राखले आहे, त्याला शेतकरी हिंगे म्हणतात. नात्याने तो सैनिक भुंगेऱ्यांचा जवळचा नाही. त्याचे कुळ मेलॉइडी, वेगळ्या शाखेतले. पण मऊ पाठ, भडक रंग, अंगात विष हा सगळा बंदोबस्त त्याने स्वतंत्रपणे उभा केला आहे. आपल्याकडे सर्वांत ठळक दिसतो तो मायलाब्रिस पुस्टुलाटा: दोन-अडीच सेंटीमीटर लांब, काळाभोर, पाठीवर नारिंगी-तांबडे रुंद पट्टे, डोके खाली झुकलेले, मान बारीक. मघा-पूर्वा नक्षत्रांपासून हस्तापर्यंत त्याचे दिवस. मूग-उडदाचा फुलोरा, भेंडी, काकडीवर्गीय वेल, अंगणातली जास्वंद, ओढ्याकाठची बेशरम, आणि पुढे तुरीचा पिवळा बहर. तो पाकळ्या आणि कोवळे फूल खातो, आणि फूल गेले की शेंग गेली. शेतकऱ्याचा त्याच्यावरचा राग खोटा नाही.

त्याला धरले की तो पाय आखडून पडतो आणि गुडघ्यांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतो. त्या द्रवात कॅन्थॅरिडिन असते. कातडीला लागले तर फोड येतात. गवतात मिसळून असे भुंगेरे पोटात गेल्याने अमेरिकेत घोडे दगावल्याच्या घटना पशुवैद्यकात नोंदलेल्या आहेत. सैनिक भुंगेऱ्यांच्या कुळाच्या नावाशी या रसायनाचे नाव जुळते, तरी ते त्यांच्यात नसते. ते हिंग्यांच्या कुळाचे. फ्रेंच रसायनज्ञ पिएर रोबिके यांनी १८१० मध्ये युरोपातल्या हिरव्या हिंग्यापासून ते वेगळे काढले. आपल्याकडच्या युनानी वैद्यकातही हिंग्यांचा वापर जुना. त्या वापरात धोका मोठा होता, मात्रा थोडी चुकली तरी मूत्रपिंडे निकामी व्हायची. गंमत अशी, की २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचेवरच्या एका विषाणूजन्य पुळ्यांच्या आजारासाठी, डॉक्टरनेच लावायच्या औषधाच्या रूपात, याच रसायनाला मान्यता दिली.

हे विष बनवतो तो बहुतेक करून नर. मीलनाच्या वेळी तो त्यातला वाटा मादीला देतो, आणि मादी ते अंड्यांना लावते. म्हणजे मातीत घातलेल्या अंड्यांचे रक्षण बापाकडून आलेले असते. मग अंड्यातून जे बाहेर पडते ते पाहिले तर हा त्याच किड्याचा वंश आहे यावर विश्वास बसत नाही. बारीक, लांब पायांची, चपळ अळी जमिनीत फिरत नाकतोड्यांच्या अंड्यांची पुंजी शोधते. ती सापडली की आत शिरते आणि अंडी खायला लागते. कात टाकल्यावर तीच अळी जाड, मऊ, जवळजवळ बिनपायांची होते. पोट भरले की कडक कवचात स्वतःला कोंडून घेते आणि त्या अवस्थेत दुष्काळी महिने, प्रसंगी वर्षाहून जास्त काळ काढते. पाऊस आणि ओल मानवली की पुन्हा अळी, मग कोष, मग पट्टेवाला भुंगेरा. हिंग्यांच्या कुळातल्या या अनेक रूपांतरांचा उलगडा झाँ-हेन्री फाब्र यांनी १८५७ मध्ये केला; त्यांच्यासमोरच्या जाती मधमाश्यांच्या घरट्यांत वाढणाऱ्या होत्या. नाकतोड्यांच्या अंड्यांचा धागा अमेरिकेत चार्ल्स रायली यांना १८७७ च्या सुमारास लागला, तिथल्या टोळधाडींचा अभ्यास करताना.

आता हिशेब मांडू. भाद्रपदात तुमच्या मुगाची फुले खाणारा हिंग्या लहानपणी तुमच्याच धुऱ्यातली नाकतोड्यांची अंडी खाऊन मोठा झालेला आहे. ज्या वर्षी नाकतोडे फार, त्याच्या पुढे हिंगे वाढण्याची शक्यता जास्त, आणि हिंगे वाढले की नाकतोड्यांना लगाम बसतो. मग हा मित्र की शत्रू? शेतीच्या पुस्तकांत किडींची दोन रकान्यांत वाटणी करायची पद्धत आहे: मित्रकीटक आणि शत्रुकीटक. शिकवायला ती सोयीची आहे, पण हिंग्यासारखा जीव कोणत्याच रकान्यात मावत नाही. किड्याला नाव ठेवण्याआधी त्याचे सबंध आयुष्य पाहावे, मातीखालचे आणि फुलावरचे दोन्ही. हे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

हिंग्याला खाणारेही आहेत. माळढोक पक्षी नाकतोड्यांइतक्याच आवडीने हिंगे टिपतो. स्पेनमधल्या त्याच्या मोठ्या भाईबंदांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे सुचवले गेले, की विणीच्या हंगामात नर हे विषारी भुंगेरे पोटातले जंतू मारण्यासाठी खात असावेत. सोलापूरच्या नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य १९७९ मध्ये झाले. आज महाराष्ट्राच्या माळांवरून हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ गेले की नाकतोडा, हिंग्या आणि माळढोक ही साखळीच तुटते.

धुऱ्यावरची आणखी काही मंडळी पुस्तकात भेटतील. काजवा हा सैनिक भुंगेऱ्यांचा खरा नातलग. त्याच्याही अळ्या शिकारी, गोगलगायी खाणाऱ्या. ढालकिडे कपाशी आणि ज्वारीवरचा मावा खातात, पण त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या प्रौढांसारख्या अजिबात दिसत नसल्याने त्यांना कीड समजून मारले जाते. मृगाचा किडा, ती लाल मखमली ठिपक्यासारखी देवाची गाय, हा भुंगेरा नाहीच. आठ पायांचा, कोळ्यांच्या नात्यातला. तरी त्याचे प्रकरण घेतले आहे, कारण पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारा हा लाल रंगही तोच इशारा देतो आणि मुलांना किडे बघायला शिकवण्याची सुरुवात त्याच्यापासून आपोआप होते.

फवारणीबद्दल लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होत नाही. २०१७ चा पावसाळा विदर्भ विसरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. विषाचा मारा वाढला तरी पीक वाचलेच असे झाले नाही. ज्या विषाने माणूस दगावतो त्याने धुऱ्यावरचा ढालकिडा वाचेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारू नये, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. हिंग्यांच्या बाबतीत तर साधा उपाय हाताशी आहे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. हातमोजे घालून किंवा जाळीने गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले तर लहान क्षेत्रात फवाऱ्याची गरज पडत नाही. धुरा जाळू नये, तणनाशकाने सफाचट करू नये. तिथे जमिनीत कुणाची अंडी, कुणाचे कोष आणि कुणाचे पुढचे वर्ष असते.

हे पुस्तक कसे वापरावे, याबद्दल थोडे. जाती ओळखण्याचा आग्रह सुरुवातीला नको. आधी किडा काय करतो ते पाहा: फूल खातो की पराग, एकटा आहे की जोडीने, छेडल्यावर उडतो, पडतो की थेंब सोडतो. मग वनस्पती लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. उघड्या हाताने पट्टेवाल्या भुंगेऱ्याला धरू नका आणि मुलांनाही धरू देऊ नका. चुकून द्रव लागलाच तर साबणाने धुवा, डोळ्यांना हात लावू नका. मोबाइलमध्ये वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो पुरतात. ते इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट यांवर टाकले तर जाणकार ओळख पटवायला मदत करतात, आणि तुमच्या धुऱ्याची नोंद कायमची राहते. शाळेतल्या शिक्षकांनी श्रावण-भाद्रपदातला एक तास वर्गाबाहेर घेतला, तरी मुलांना पुष्कळ हाती लागेल.

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात धुऱ्यांची लांबी कुणी मोजलेली नाही, पण जंगलाच्या बाहेर जंगली जिवांना मिळालेली सर्वांत मोठी सलग जागा बहुधा तीच आहे. ती सरकारच्या ताब्यात नाही, शेतकऱ्यांच्या आहे. म्हणून तिचे राखणेही त्यांच्याच हातात आहे. वाचकांना विनंती एवढीच: यंदा मघा लागल्या की पाठीवर पंप चढवण्याआधी सकाळी आपल्या धुऱ्यावरून एक चक्कर मारा, कोण कोण बसले आहे ते बघा, आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवा.